कंबरेच्या उंचीवरची बाग

आमच्या गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. वयाच्या शहात्तराव्या वर्षापर्यंत आई रोज सकाळी अर्धी बादली पाणी घेऊन त्या चढायची. वर तिच्या साठेक कुंड्या होत्या. जास्वंद, मोगरा, गवती चहा, दोन मिरच्या आणि कठड्यावर चढवलेला मायाळू. एका श्रावणात शेवाळावरून तिचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. तोवर आम्ही भावंडांनी कुंड्या शेजारीपाजारी वाटून टाकल्या होत्या आणि गच्चीच्या दाराला कुलूप लावलं होतं. ‘आता आराम कर,’ असं आम्ही तिला सांगितलं. ते प्रेमापोटी केलं होतं, पण ते चुकलं. पुढचे पाच महिने आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहिली. जेवण कमी झालं, दुपारची झोप संध्याकाळपर्यंत लांबू लागली. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर यायचं, पण आपणहून ती काही बोलेनाशी झाली.

मग एक दिवस ओट्यामागच्या खिडकीत, आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणात, मेथी उगवलेली दिसली. माती तुळशीतून मूठभर काढली होती आणि मेथी मिसळणाच्या डब्यातली होती. त्या झाकणाकडे बघताना आमची चूक आम्हाला कळली. त्याच आठवड्यात धाकट्या भावाचं जुनं अभ्यासाचं टेबल गॅलरीत आणलं आणि त्यावर भाजीवाल्याकडून आणलेले चार प्लास्टिकचे क्रेट मांडले. आत गोणपाट अंथरून पालापाचोळ्याचं खत भरलं. टेबलाची उंची तीस इंच, म्हणजे आईच्या कंबरेला बरोबर लागणारी. त्यानंतर आठ वर्षं आईनं बाग केली, आणि त्या आठ वर्षांत झाडासाठी ती एकदाही वाकली नाही.

हे पुस्तक त्या टेबलापाशी सुरू झालं.

मराठीत बागकामावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि त्यातलं बरंचसं चांगलं आहे. मातीचं प्रमाण, खतांचे हप्ते, किडींची ओळख, कलमांचे प्रकार या सगळ्यांवर जाणकारांनी मन लावून लिहिलंय. पण ही पुस्तकं वाचताना एक गोष्ट मला सतत खटकत आली. झाडाला काय हवं ते त्यांत सगळं असतं, पण बाग करणाऱ्याच्या गुडघ्यांचा, कंबरेचा, नजरेचा उल्लेख कुठेच नसतो. जणू बाग करणारा माणूस कायम पस्तिशीतलाच असतो. प्रत्यक्षात आपल्याकडे बागेला खरा वेळ मिळतो तो नोकरी संपल्यावर, मुलं मार्गी लागल्यावर. म्हणजे हौस आणि सवड एकत्र येतात तेव्हा नेमकं शरीर कुरकुरू लागलेलं असतं. बागेच्या मापानं माणसानं वाकत राहायचं, की माणसाच्या मापानं बाग उचलून घ्यायची? या पुस्तकानं दुसरी बाजू घेतली आहे.

नव्यानं येणाऱ्या वाचकासाठी या विषयाचा नकाशा थोडक्यात मांडतो.

आपल्याकडची सगळ्यात जुनी आणि शहाणी बाग म्हणजे परसबाग. तिला कुणी बाग म्हणतसुद्धा नव्हतं. न्हाणीचं सांडपाणी जिथे वाहतं तिथे अळू आणि केळ, विहिरीच्या काठाला कर्दळ, मांडवावर दुधी, पडवळ नाहीतर घोसाळी, कुंपणाला अडुळसा. मृगाचा पाऊस पडला की वेलाच्या बिया टोचायच्या आणि उन्हाळ्यात वाळवलेलं बी राखेत घोळवून पुढच्या सालासाठी ठेवायचं. हे ज्ञान बायकांकडे होतं, विशेषतः घरातल्या म्हाताऱ्या बायकांकडे. ते कुणी लिहून ठेवलं नाही. ग्रंथांत जे उतरलं ते वेगळं होतं. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’त झाडांचे आजार, त्यांवरचे उपचार आणि कुणपजल नावाचं आंबवलेलं खत यांची चर्चा आहे. त्याची हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात होती आणि नलिनी साधले यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९९६ साली प्रसिद्ध झाला. आजीची परसबाग मात्र आजीबरोबरच गेली. या पुस्तकासाठी माणसं शोधताना आम्ही आधी ऐंशीच्या पुढच्या बायकांकडे गेलो ते याच कारणानं.

दुसरा प्रवाह साहेबाच्या बंगल्यातून आला. पुण्याचं एम्प्रेस गार्डन सांभाळणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८३० सालची आहे आणि मुंबईची राणीची बाग १८६२मध्ये लोकांसाठी खुली झाली. कुंडी, हिरवळ, क्रोटन, गुलाबांचे नंबर आणि हिवाळ्यातली पुष्पप्रदर्शनं या वाटेनं आपल्या मध्यमवर्गात शिरली. या परंपरेनं आपल्याला नजर दिली, नर्सऱ्या दिल्या, छाटणीची शिस्त दिली. सोबत बाग म्हणजे शोभा आणि राबणारा माळी वेगळा ही समजूतही दिली. पेन्शनीत निघालेल्या कितीतरी माणसांचं बागेचं स्वप्न आजही याच साच्यात अडकलेलं असतं, आणि माळी परवडत नाही म्हणून ते तिथेच सुकतं.

तिसरा प्रवाह आपल्या विषयाला सगळ्यात जवळचा आहे, आणि त्याचा मोठा भाग महाराष्ट्रात घडला याचा मला अभिमान वाटतो. श्रीपाद अच्युत दाभोलकर हे कोल्हापूरचे गणिताचे अध्यापक. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’नं शेतकऱ्यांना एकमेकांच्या अनुभवांतून शिकायला लावलं. ऊन हे आपलं खरं भांडवल आहे, पानाच्या प्रत्येक चौरस फुटावर ते जमा होतं, आणि वाळलेला पाला म्हणजे साठवलेलं ऊन, असा त्यांचा हिशोब होता. हाच हिशोब गच्चीवर लागू पडतो. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं, प्लास्टिकच्या पिशव्या आणि पिंपं वापरून गच्चीवर भाज्या आणि फळं काढून दाखवली. पुण्यात उदय भवाळकरांनी गांडुळांचा अभ्यास घरोघरच्या ओल्या कचऱ्यापर्यंत आणला. या शतकाच्या सुरुवातीला मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी त्याच स्वयंपाकघराच्या कचऱ्यातून बाग उभी केली आणि त्यातून शहरी शेतीची एक चळवळच निघाली. अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांचं जीवामृत याच काळात गच्चीवरही पोचलं.

या मंडळींचे आपसांत मतभेद आहेत. शेण लागतंच, असं एक घर म्हणतं, तर दुसऱ्याला निव्वळ पाला पुरतो. गांडुळं विकत आणून सोडावीत की आपोआप येऊ द्यावीत, यावर तर मैत्री तुटल्याचं मी पाहिलंय. हायड्रोपोनिक्सवाले मातीच नको म्हणतात. उतारवयातल्या माणसानं या वादांकडे एकाच प्रश्नानं बघावं असं मला वाटतं. हे उचलायचं कोणी? जीवामृताचं मूळ प्रमाण दोनशे लिटर पाण्याच्या पिंपाचं आहे. त्यात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन. ते एका एकरासाठी आहे. चार क्रेटच्या बागेला दोन लिटर पुष्कळ होतं. शंभर ग्रॅम शेण, तेवढंच गोमूत्र, चमचाभर गूळ, चमचाभर बेसन आणि किंचित माती एवढ्यात ते बरणीत मावतं. पण पुस्तकांत पिंपच लिहिलेलं असतं आणि सत्तरीचा माणूस ते वाचून पान उलटतो.

मातीचंही तसंच आहे. एक चौरस मीटर जागेत फूटभर जाडीची लाल माती भरली आणि पाऊस पडला, तर तिचं वजन पाचशे किलोच्या आसपास जातं. वावरायच्या गच्चीचा आराखडा करताना स्लॅबवर धरलेला वापराचा भार मात्र चौरस मीटरला साधारण दीडशे किलो असतो. इमारतीच्या दृष्टीनं हे धोक्याचं आहेच, पण माझा मुद्दा हातांचा आहे. ओल्या मातीनं भरलेली बारा इंची कुंडी सरकवायला दोन तरणे हात लागतात. पालापाचोळा, कोकोपीट आणि कंपोस्ट यांनी भरलेली तेवढीच कुंडी जेमतेम निम्म्या वजनात बसते. पाल्याच्या मातीचा आग्रह आम्ही धरला तो एवढ्याचसाठी. सेंद्रिय की रासायनिक हा वाद त्या आग्रहात नाही.

इथे कोकण आणि गोवा यांच्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिथला प्रश्न उलटा आहे. शहरातल्या म्हाताऱ्यांना माती मिळत नाही आणि तिथल्यांच्या अंगावर माती येते. मुलं मुंबईला किंवा आखातात, घरी दोघंच, आणि मागे माडा-पोफळींची वाडी. गोव्यात कुळागर म्हणतात ते हेच. पोफळीवर मिरवेल, मधून केळी, खाली वेलची नाहीतर अळू, आणि पाट फिरवून दिलेलं पाणी. ही मजल्यामजल्यांची शेती म्हणजे बागकामातली फार मोठी बुद्धी आहे. पण नारळ उतरवायला पाडेली मिळत नाही, पाट साफ करायला गडी नाही. शिंपणं चुकलं की पोफळी माना टाकतात आणि त्या बघवत नाहीत म्हणून माणसं त्या बाजूला जाणंच सोडतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका जोडप्यानं आम्हाला वाडीचा नकाशा काढून दाखवला. घरापासून पन्नास पावलांत जे आहे ते आमचं, बाकीचं खंडानं दिलं, असं त्यांनी सांगितलं. पन्नास पावलांच्या आत त्यांनी काळी मिरी, हळद, एक रायवळ आंबा आणि देवाच्या फुलांची झाडं ठेवली आहेत. वाडी लहान करण्याचा निर्णय घ्यायला त्यांना तीन वर्षं लागली. बाग वाढवण्यावर शेकडो पुस्तकं आहेत. ती मानानं लहान कशी करत आणावी, यावर मला एकही सापडलं नाही.

हे सगळं आत्ता का? २०११च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसं देशात १० कोटी ३८ लाख होती आणि तेव्हापासून ती संख्या वाढतेच आहे. निवृत्तीनंतर वीस-पंचवीस वर्षांचं आयुष्य समोर असणं ही आपल्या समाजाला नवी गोष्ट आहे. आपल्या आजोबांना तिचा सराव नव्हता, त्यामुळे अनुकरण कोणाचं करावं हेच कळत नाही. २०२०च्या मार्चमध्ये पासष्टीच्या पुढच्यांना घरातच थांबायला सांगितलं गेलं, तेव्हा कितीतरी जणांना आपल्या गॅलरीत ऊन किती वाजता येतं हे पहिल्यांदा समजलं. त्या महिन्यांत सुरू झालेल्या बागांतल्या काही आजही जिवंत आहेत. या पुस्तकातले तीन लेख त्यांतूनच आलेत.

पाण्याचा प्रश्न मी टाळणार नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. अशा प्रदेशात हौशीच्या झाडाला पाणी घालणं योग्य का, हा सवाल आम्हाला लातूरच्याच एका निवृत्त शिक्षिकेनं विचारला आणि उत्तरही त्यांनीच दिलं. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, डाळ भिजवलेलं पाणी दोन माणसांच्या घरात रोज चार-पाच लिटर निघतं. त्यात जेवढं जगेल तेवढीच बाग. त्यांच्याकडे पुदिना, पानओवा, कढीपत्ता आणि कोरफड अशा नऊ कुंड्या आहेत, दहावी नाही. मला हा हिशोब फार भावला.

संशोधनाचा आधार हल्ली सर्रास दिला जातो, तेव्हा त्याबद्दलही नीट बोलू या. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात प्रयोग केला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना लहानसहान निर्णय स्वतः घ्यायला सांगितलं आणि प्रत्येकाला एक रोप निवडून सांभाळायला दिलं. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण त्यांना पाणी परिचारिका घालत. पहिल्या मजल्यावरची माणसं अधिक उत्साही झाली आणि दीड वर्षानंतरही फरक दिसत राहिला. गट लहान होते, तेव्हा त्यावरून मोठे दावे करू नयेत. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो गावी साठीवरच्या २,८०५ लोकांचा सोळा वर्षं माग ठेवला गेला. रोज बागकाम करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी आढळलं. पण ज्यांचं शरीर आणि डोकं मुळात ठीक आहे तीच माणसं बाग करू शकतात, ही शक्यता उरतेच. बाग हे औषध आहे असं हे पुस्तक कुठेही म्हणत नाही. सिंगापूरनं २०१६पासून सार्वजनिक उद्यानांत ज्येष्ठांसाठी खास उपचार-बागा करायला घेतल्या. आपल्या महानगरपालिकांनी निदान दोन वाफे कंबरेच्या उंचीवर बांधावेत आणि शेजारी पाठ टेकता येईल असा बाक ठेवावा, ही माझी मनापासूनची मागणी आहे.

लँगर-रॉडिन यांच्या प्रयोगातला जो फरक मला महत्त्वाचा वाटतो, तो पाणी कोण घालतं हा. आमच्या घरात आम्ही नेमकं तेच काढून घेतलं होतं. कुंड्या घरात ठेवल्या असत्या आणि पाणी आम्हीच घातलं असतं, तरी आई खुर्चीतच राहिली असती. म्हणून ‘विरंगुळा’ हा शब्द मी या पुस्तकात शक्यतो येऊ दिला नाही. वेळ घालवायला बाग करणारा माणूस मला भेटलेला नाही. आज पाणी घातलं नाही तर उद्या कोथिंबीर मान टाकणार, हे माहीत असलेली माणसं भेटली आहेत. ते काम आहे, आणि घरच्यांनी त्याला काम म्हणून मान द्यावा.

कामाला काळजी लागते. कुंडीखालच्या ताटल्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यातून पंखापर्यंत पोचतो, म्हणून आठवड्यातून एकदा त्या कोरड्या करायच्या. मधुमेह असेल तर अनवाणी मातीत जायचं नाही, कारण काटा रुतलेला कळत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर गुलाबाच्या छाटणीला जाड हातमोजे हवेतच. घरात विसराळूपणाचा आजार असलेलं कुणी असेल तर कण्हेर, धोतरा, डिफेनबाकिया दारात नको. झारी दोन लिटरची पुरे, फेऱ्या चार झाल्या तरी चालतील. आणि पावसाळ्यात गच्ची घासल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे मी ठळक अक्षरांत छापायला सांगितलं आहे.

बागेतून बाकीच्या कला कशा फुटतात, हे या लेखनाचं काम करतानाच माझ्या लक्षात आलं. आमच्या लेखकांपैकी एक जण बँकेतून निवृत्त झाल्यावर पानांची चित्रं काढू लागले. चित्रकलेचा गंध नव्हता, पण रोज भिंगातून मावा शोधता शोधता पानांच्या शिरा दिसायला लागल्या आणि पेन्सिल हातात आली. एक बाई झेंडूच्या वाळल्या पाकळ्यांत सुती रुमाल रंगवतात. दादरच्या एका आजींनी हरवलेल्या रानभाज्यांच्या पाककृती लिहून काढल्या, कारण कुंडीत टाकळा आपोआप उगवला आणि भाजी करायची तर सुनेला सांगायला हवं होतं. न्यू जर्सीत मुलीकडे राहणाऱ्या एका काकांनी कढीपत्त्याची कुंडी थंडीत घरात आणि उन्हाळ्यात अंगणात नेण्याची रोजनिशी ठेवली आहे. परक्या ऋतूंशी जमवून घेणाऱ्या माणसाचं ते आत्मचरित्रच आहे.

अशी एकवीस माणसं या पुस्तकात लिहिती झाली आहेत. सगळ्यात लहान लेखिका बासष्टची आहे आणि सगळ्यात मोठे लेखक एक्याण्णवचे. त्यांना आम्ही झाडांचीच नव्हे, दिवसाची हकीकत मागितली. किती वाजता उठता, कशावर बसता, काय उचलता, काय सोडून दिलं. म्हणून लेखांचा क्रम भाज्या, फुलं, फळं असा लावलेला नाही. तो शरीराप्रमाणे लावला आहे. उभं राहून करायची बाग, बसून करायची बाग, एका हातानं करायची बाग आणि शेवटी अंथरुणातून दिसणारी बाग. या शेवटच्या भागाविषयी मी मुद्दाम काही लिहीत नाही, तो वाचकानं सावकाश वाचावा. काही लेखांत एकमेकांच्या विरुद्ध सल्ले सापडतील. ते आम्ही तसेच ठेवले, कारण दोन्हींमागे चालू असलेली बाग आहे. संपूर्ण लागवडशास्त्र मात्र यात नाही, त्यासाठी कृषी विद्यापीठांची पुस्तकं आहेत आणि ती जरूर घ्यावीत.

पुस्तक मोठ्या टंकात छापलं आहे आणि उघडं ठेवलं तर उघडं राहील अशी बांधणी केली आहे, म्हणजे मातीच्या हातांनी धरावं लागू नये. मागची सोळा पानं कोरी आहेत. तशी पानं आईच्या वहीतही होती. ती वही मायाळूच्या पिकल्या फळांनी जांभळी झालेली आहे, काही नोंदी वाचताच येत नाहीत. मनगट मोडल्यानंतर पाच महिने तिच्यात काहीच नाही. मग एका पानावर तारीख आहे, डाव्या हातानं लिहिल्यासारखं वेडंवाकडं अक्षर आहे, आणि पुढे एवढंच: ‘मेथी. चौथ्या दिवशी वर.’